‘कोंबडी बसली’ म्हणजे नेमके काय? रात्रीच्या बसण्यासाठी शब्द हवा आहे

कळवा (मूळ प्रश्न; इथे प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याच्या गावाचे किंवा वस्तीचे नाव आहे)

परसातील कुक्कुटपालनावरच्या एका इंग्रजी माहितीपुस्तिकेचा मी मराठी अनुवाद करते आहे आणि एका अगदी साध्या वाक्यापाशी चार दिवस अडले आहे. दिवस मावळू लागला की कोंबड्या आवारातल्या सर्वांत उंच जागी चढतात आणि तिथेच रात्र काढतात, एवढाच त्या वाक्याचा आशय आहे. मी ‘कोंबड्या रात्री उंच दांडीवर बसतात’ असे लिहिले आणि मसुदा घणसोली गावातल्या माझ्या मावशींना वाचून दाखवला. कोंबड्या सांभाळण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. त्यांनी मला तिथेच थांबवले. “कोंबडी बसली म्हणजे खुडूक झाली, अंड्यांवर बसली. दांडीवर बसून ती काय उबवणार?” असे त्या म्हणाल्या आणि मला उत्तर देता आले नाही. ‘झोपतात’ म्हणावे, तर उंच जागा निवडून तिथे चढून जाण्याचा भाग निसटतो. मूळ इंग्रजी शब्द त्या जागेलाही लागतो आणि त्या क्रियेलाही. मराठीत असा एखादा शब्द आहे का?

नौपाडा

शब्द आहे आणि तो चांगला रुळलेला आहे: रातथारा. पोपट, बगळे, साळुंक्या संध्याकाळी थव्याने ज्या झाडावर उतरतात, त्या जागेला पक्षिनिरीक्षक रातथारा म्हणतात. ‘त्याला कुठे थारा नाही’, ‘मन थाऱ्यावर नाही’ हे आपण रोज बोलतो, तेव्हा त्यातला ‘थारा’ कोणालाच परका नाही. माझा स्वतःचा कयास असा आहे की थारा, ठाव, ठाण ही सगळी एकाच ‘स्था’ धातूची लेकरे असावीत. घोडा बांधण्याच्या जागेला आपण ठाण म्हणतो, हट्टाने एका जागी बसणारा ठाण मांडून बसतो, आणि आपले ठाणे तर प्राचीन श्रीस्थानकच आहे. कोंबडीही रोज संध्याकाळी त्याच दांडीवर, त्याच जागी ठाण मांडते. इतका जवळचा शब्द हाताशी असताना दुसरा शोधण्याचे कारण मला दिसत नाही.

वाशी

शब्द सुंदर आहे, याविषयी वाद नाही. परंतु ही पुस्तिका कोंबड्या पाळणाऱ्याने वाचायची आहे. मी कुक्कुटपालकांमध्ये अनेक वर्षे वावरलो आहे आणि ‘रातथारा’ हा शब्द मी त्यांच्यापैकी एकाच्याही तोंडून ऐकलेला नाही. ते ‘दांडी’ म्हणतात, ‘बांबू’ म्हणतात आणि प्रशिक्षण घेतलेले सरळ ‘पर्च’ म्हणतात. शिवाय पुस्तिकेला लागणारी माहिती व्यवहाराची आहे. एका कोंबडीला दांडीवर साधारण २० ते २५ सेंटिमीटर जागा लागते. दांड्या एकीच्या बरोबर खाली दुसरी अशा लावल्या, तर वरच्यांची विष्ठा खालच्यांच्या अंगावर पडते. सर्वांत वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी ढकलाढकली होते आणि कळपात जिचा मान मोठा तीच वर राहते. गिरिराज किंवा वनराजसारख्या वजनदार कोंबड्यांना दांडी बुटकीच हवी, कारण उंचावरून रोज उडी मारून त्यांचे तळपाय दुखावतात आणि सुजतात. हे सगळे सांगताना ‘रातथारा बुटका ठेवावा’ असे लिहिले, तर वाचणारा गोंधळेल.

नौपाडा

‘महापौर’ हा शब्दही एके काळी कोणाच्या तोंडी नव्हता. वापरला म्हणून तो रुळला. ‘पर्च’ चालतो आणि ‘रातथारा’ चालत नाही, हा न्याय मला मान्य नाही. वाचकाला नवा मराठी शब्द पेलणार नाही असे आपणच आधी ठरवून टाकतो आणि मग तो शब्द पुस्तकांच्या बाहेर पडत नाही अशी खंत करतो.

दिवाळे, बेलापूर

दोघांचेही म्हणणे मला अर्धवट वाटते, कारण दांडी ही वस्तू आहे, रातथारा ही जागा आहे आणि ताईंना मुख्यतः क्रियापद हवे आहे. माझे लहानपण गावठाणातल्या कौलारू घरात गेले. आमच्याकडे खुराडे होते, तरी चार-पाच गावरान कोंबड्या त्यात जायच्याच नाहीत. त्या दिवेलागणीला आधी पडवीच्या कठड्यावर, मग वईवर, म्हणजे कुंपणावर, आणि तिथून आंब्याच्या खालच्या फांदीवर चढत. आई रोज विचारायची, “कोंबड्या वर गेल्या का?” बाकीच्यांसाठी विचारायची, “आत आल्या का?” आमच्या घरात या दोन प्रश्नांत तो सगळा व्यवहार मावत असे आणि त्यासाठी निराळ्या क्रियापदाची गरज आम्हाला कधी पडली नाही. रानकोंबडे अजूनही झाडावरच रात्र काढतात आणि पाळीव कोंबडी ही मूळ लाल रानकोंबड्याचीच वंशज आहे. त्यामुळे तिचे वर जाणे शिकवावे लागत नाही. उलट, तिला खाली ठेवायलाच कष्ट पडतात.

आणखी एक अडचण बदकांची. बदक दांडीवर चढत नाही. ते जमिनीवरच अंग टेकते. पुस्तिकेत बदकांचे प्रकरण असेल, तर ‘दांडी’ तिथे निरुपयोगी ठरेल.

कळवा

बदकांचे प्रकरण आहे. त्यात गिनी फाउल आणि टर्कीही आहेत आणि त्या दोघांना झाडच अधिक आवडते असे लिहिले आहे. ‘वर जातात’ मला मनापासून आवडले, पण बदकांच्या परिच्छेदात तेही चालणार नाही.

वर्तकनगर

इतका वेळ ‘डालणे’ कोणालाच कसे आठवले नाही, याचे मला आश्चर्य वाटते. संध्याकाळी कोंबड्या डालल्या, म्हणजे डालग्याखाली, मोठ्या टोपलीखाली, झाकल्या. ‘कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही’ ही म्हण त्याच रोजच्या कामातून आली आहे. अंधारात कोंबडीला फार कमी दिसते, एकदा बसली की ती हलत नाही, आणि मुंगूस किंवा रानमांजर नेमका तोच वेळ साधते. ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरपायथ्याशी बिबट्याही येतो. म्हणून झाकणे किंवा कोंडणे अटळ होते. ती म्हण तर शब्दशः खरी आहे. जपानमधल्या नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की सतत मंद प्रकाशात ठेवलेले कोंबडेही पहाटेच्या सुमारास आरवतात. त्यांचे घड्याळ शरीराच्या आतच असते.

वाशी

डालणे हे माणसाचे काम झाले. प्रश्न कोंबडीच्या स्वतःच्या निवडीचा आहे. आणि म्हणीत ‘उजाडायचे’ नव्हे, ‘तांबडे फुटायचे’ आहे.

वर्तकनगर

दोन्ही रूपे ऐकू येतात. माझी आजी ‘उजाडायचे’ असेच म्हणे आणि ती रोज स्वतःच्या हाताने कोंबड्या डालत असे, म्हणून मी तिचे रूप सोडणार नाही.

दिवाळे, बेलापूर

आमच्याकडे खुराड्यात कोंडण्यालाही डालणेच म्हणत, डालगे नसले तरी. म्हणजे शब्दाने टोपली केव्हाच सोडली होती.

नौपाडा

हे महत्त्वाचे आहे. आधी ‘डालणे’ आणि त्यावरून ‘डालगे’, की आधी ‘डाल’ ही वेताची टोपली आणि तिच्यावरून क्रियापद? मला दुसरे अधिक संभवनीय वाटते. कोणाच्या घरी नुसती ‘डाल’ असे म्हणत असल्यास कृपया सांगावे.

कळवा

मावशींना आज पुन्हा विचारले. त्यांच्याकडे डाल म्हणतात आणि ती बांबूची असते, वेताची नाही. माझ्या वाक्यात मी सध्या ‘रात्रीसाठी उंच जागी चढतात’ असे लिहून ठेवले आहे. बदकांची ओळ अजून मोकळीच आहे.

वर्तकनगर

बांबूचीच. वेताची डाल मी कुठेही पाहिलेली नाही.