ईएल३४ ची एकच ट्यूब रात्री लाल होते : दोष व्होल्टेजचा की बायसचा?

कपाशी_सिक्सस्ट्रिंग
राजेहो, थोडी मदत पाहिजे. गाव दारव्हा तालुक्यात. गिटारचा ट्यूब अ‍ॅम्प ५० वॅटचा, पॉवरला दोन ईएल३४, पुढे प्रीअ‍ॅम्पच्या तीन ईसीसी८३ ट्यूब, फिक्स्ड बायस (ग्रिडला वेगळं निगेटिव्ह व्होल्टेज देऊन ट्यूबचा करंट ठरवायचा). हरभऱ्याचं ओलित सुरू असलं की संध्याकाळी लाइन १८० वर येते, आवाज दबतो. रात्री मोटारी बंद झाल्या की २५५. तेव्हा उजव्या ट्यूबची प्लेट मधोमध लाल होते आणि घूंऽ असा आवाज वाढतो. बायस संध्याकाळी लावला होता, दोन्ही ट्यूबच्या कॅथोडच्या १ ओहम रेझिस्टरवर ३८ मिलिव्होल्ट, म्हणजे ३८ मिलिअँपिअर. ट्यूब बदलू का?

डीपीखालचा
भाऊ, आधी लाइन. हीटरला ६.३ व्होल्ट लागतात, १० टक्के इकडेतिकडे चालतं. १८० वर तिथे जेमतेम ४.९ मिळतात, २५५ वर ७ च्या आसपास. थंड कॅथोडवर लावलेला बायस हा बायसच नाही. २३० ला ४५० असणारी प्लेट १८० ला ३५० वर असते, तिथे ३८ दिसावे म्हणून तुम्ही बायसचं पॉट (फिरवायचा रेझिस्टर) जास्त फिरवलं. रात्री त्याच पॉटवर करंट कुठल्या कुठे जातो.

१ केव्हीएचा सर्व्हो स्टॅबिलायझर घ्या, इनपुट १४० ते २८० वाला, हाय-कट (व्होल्टेज फार चढलं की बंद करणारा) असलेला. रिलेचा नको, तो पायऱ्या-पायऱ्यांनी उड्या मारतो. चौकोनी वेव्हच्या इन्व्हर्टरवर हा अ‍ॅम्प लावूच नका, ट्रान्सफॉर्मर तापतो आणि स्पीकरमधून भुणभुण येते.

बायस २३० वर, २० मिनिटं तापल्यावर लावा. ईएल३४ ची प्लेट २५ वॅटची. पुस्तकी ७० टक्के म्हणजे १७.५ वॅट, पण आपल्याकडच्या लाइनला ६० टक्केच ठेवा : १५ वॅट भागिले ४५० म्हणजे ३३ मिलिअँपिअर. १ ओहमवर स्क्रीनचाही करंट मोजला जातो, म्हणून मीटरवर ३७ च्या आसपास.

वैनगंगा_ओहम
वरचं सगळं बरोबर, पण त्यानं एकच ट्यूब लाल का होते हे सुटत नाही. लाइन दोघींना सारखीच आहे. दादा, ट्यूब विकत घेण्याआधी आहेत त्याच दोन्ही अदलाबदल करा. लाली ट्यूबसोबत डावीकडे गेली तर ट्यूब खराब. उजव्या सॉकेटलाच राहिली तर ट्यूब निर्दोष आहे. दिसताक्षणी बंद करा, लाल प्लेटवर एक मिनिटही फार झालं.

मग दोन्ही ईएल३४ काढून चालू करा आणि ५ नंबरच्या पिनवर (ग्रिडवर) डीसी मोजा. दोन्हीकडे सारखं निगेटिव्ह हवं. ट्यूब नसताना एचटी (प्लेटला जाणारं हाय व्होल्टेज) वर चढतं, म्हणून मोजून लगेच बंद.

आत हात घालण्याआधी फिल्टर कॅपॅसिटर रिकामे करा : २२ किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर, दोन्ही टोकांना इन्सुलेटेड क्लिप, एक चेसिसला, दुसरी कॅपॅसिटरच्या प्लसला, १५ सेकंद. मीटरवर १० च्या खाली आल्याशिवाय बोट लावू नका. आणि स्पीकर जोडल्याशिवाय सिग्नल कधीच देऊ नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

कपाशी_सिक्सस्ट्रिंग
सर्व्हो लावून २३० वर केलं. अदलाबदलीनंतरही लाली उजवीकडेच. पिन ५ वर डावीकडे −३८, उजवीकडे −२१.

वैनगंगा_ओहम
सापडलं. १७ व्होल्टचा फरक. ग्रिड लीक (ग्रिडला बायस पोचवणारा रेझिस्टर) २२० किलोओहमचा असेल तर जेमतेम ७७ मायक्रोअँपिअर गळती आहे, पण ईएल३४ ला तेवढी पुरते. संध्याकाळी प्लेटचं व्होल्टेज कमी म्हणून ती झाकली जात असावी.

गळती दोन ठिकाणाहून होऊ शकते. उजव्या बाजूच्या कपलिंग कॅपॅसिटरचा (आधीच्या ट्यूबचा सिग्नल ग्रिडला देतो, डीसी अडवतो) ग्रिडकडचा पाय सोडवा आणि पुन्हा मोजा. −३८ आलं तर कॅपॅसिटर दोषी. दोन्ही बाजूंचे बदला, ०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्ट, पॉलिप्रॉपिलीन. −२१ च राहिलं तर आधी सॉकेट बघा. जिनिंगच्या गावात कापसाची बारीक रुई सॉकेटवर बसते, पावसाळ्यात ओल धरते आणि पिन ४ (स्क्रीन) कडून ५ कडे वाट तयार होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशनं साफ करा. काळी रेघ जळलेली दिसली तर सॉकेटच बदला, सिरॅमिक घ्या.

डीपीखालचा
दुरुस्तीनंतर थेट लाइन देऊ नका. १०० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावून आधी चालू करा. एलईडीचा चालत नाही. कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला लावतात तो चालेल. भक्कन पेटून मंद झाला तर ठीक, भरून पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे.

घूं बराच कमी होईल, कारण दोन बाजू समतोल झाल्या की रिपल (डीसीवर उरलेली लहर) एकमेकांना मारतात. मग व्हॉल्यूम शून्यावरही १०० हर्ट्झ उरला तर फिल्टर कॅपॅसिटर सुकलेत, आपल्या मे महिन्यात हे लवकर होतं. ५० हर्ट्झचा असेल तर हीटरची वायर किंवा अर्थिंग. अर्थिंगची एक गोष्ट : काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि रॉडभोवतीची माती सुटते. खड्ड्यात कोळसा-मीठ आणि आठवड्याला दोन बादल्या पाणी. घूं जावा म्हणून प्लगची अर्थ पिन तोडणारे बरेच दिसतात. ते करू नका, चेसिसवर फेज आला तर गिटारच्या तारांवर हात ठेवलेला माणूसच अर्थ होतो.

कपाशी_सिक्सस्ट्रिंग
पाय सोडवला, −३८ आलं. कॅपॅसिटरच होता. दोन्ही बदलले. बल्ब मंद राहिला, बायस ३६ आणि ३७ वर लागला, तासभर वाजवून प्लेट काळ्याच. व्हॉल्यूम शून्यावर बारीक १०० हर्ट्झ आहे, ५०+५० मायक्रोफॅरड ५०० व्होल्टचा कॅन नागपूरहून मागवतो.