प्रार्थना ‘म्हणायची’, ‘करायची’ की नुसतं बोलायचं?

बेळगाव, कॅम्प
आमच्या चर्चच्या मराठी उपासनेत पाळकसाहेब नेहमी सांगतात, ‘प्रार्थना म्हणजे देवाशी संवाद.’ आता मंडळीच्या वर्गासाठी एक फलक लिहायचं काम माझ्याकडे आलंय आणि हात ‘संवाद’पाशी अडलाय. घरात हा शब्द कुणी वापरलेला मी ऐकला नाही. संवाद नाटकात असतात, नाहीतर शाळेच्या पालकसभेत.

माझी आजी पहाटे चूल पेटवायच्या आधी डोक्यावर पदर घेऊन तांदळाच्या डब्यावर कोपर टेकायची. "बापा, काल दूध नासलं. ते जाऊ दे. पण धाकटीचा ताप उतरना, तिच्याकडं बघ." मधेच मांजराला हाकलायची, आणि जिथं सोडलं तिथून परत धरायची. कुणी हाक मारली की, "थांब गं, बोलालोय." (आमच्याकडच्या बायका ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.) ‘प्रार्थना करालोय’ असं मात्र ती कधी म्हणाली नाही. प्रार्थना रविवारी, देवळात. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. तर हा फरक फक्त आमच्या घरातला, की भाषेतलाच?

निपाणी
भाषेतलाच, ताई. ‘प्रार्थना’ संस्कृत ‘प्र + अर्थ्’वरून, म्हणजे मुळात मागणं, इच्छिणं. (‘अर्ज’शी नातं जोडायचा मोह होतो, पण तो अरबीतून आलेला.) तेव्हा शब्दातच एक मागणारा आणि एक देणारा बसलाय. गप्पांना त्यात जागा नाही. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रात, अध्याय 4, ओवी 6 मध्ये ‘प्रार्थना’, ‘विनंती’ आणि ‘मागणी’ हे तिन्ही शब्द एकाच वाक्यात येतात. तिन्ही हात पसरणारेच.

क्रियापदं बघा, तिथं जास्त मजा आहे. ‘प्रभूची प्रार्थना म्हणू या’, म्हणजे ठरलेले शब्द, सगळ्यांनी मिळून. ‘काका, तुम्ही प्रार्थना करा’, म्हणजे स्वतःच्या शब्दांत, मोठ्यानं. ‘म्हणा’ म्हटल्यावर कुणी मनचं बोलायला लागलं तर सगळे डोळे उघडून बघतील. तुमच्या आजीचं ‘बोलणं’ या दोन्हींच्या पलीकडचं. त्याला सुरुवात नाही, शेवटी आमेनही नसेल बहुतेक.

एक आठवलं म्हणून सांगतो. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी तुमच्याच बेळगावचे. जन्म 1831, म्हणजे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश छापला त्याच वर्षीचा, आणि 1854 मध्ये बाप्तिस्माही बेळगावातच. पुढं 1863 मध्ये त्याच कोशाची संक्षिप्त आवृत्ती त्यांनी केली. मराठी ख्रिस्ती माणसानं शब्दांवरून भांडायची परंपरा बेळगावची आहे, बिनधास्त भांडा.

खानापूर
आम्ही घरी कोंकणी बोलणारे कॅथलिक. आमच्यात प्रार्थनेला सरळ ‘मागणें’ म्हणतात. संध्याकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) असतो, तो ठरलेला, मण्यांवर मोजलेला. पण मला निपाणीकरांचं ‘मागण्यात गप्पांना जागा नाही’ पटत नाही. बायबलातल्या ‘उत्पत्ती’ पुस्तकाच्या 18व्या अध्यायात अब्राहाम सदोमासाठी देवाजवळ मागतो ते कसं? 50 नीतिमान सापडले तर शहर वाचवशील ना? मग 45, 40, 30, 20, करत 10 वर आणतो. ही चक्क घासाघीस आहे! मागणं आहे म्हणूनच बोलणं लांबलं.

शेजारच्या हिंदू घरांत ‘गाऱ्हाणं घालणं’ आहे. कोशात गाऱ्हाणं म्हणजे तक्रार, पण कोकणाकडं देवापुढं गाऱ्हाणं घालतात तेव्हा एक जाणता सगळ्यांच्या वतीनं बोलतो आणि बाकीचे ‘होय महाराजा’ म्हणतात. आमचं ‘आमेन’ काय वेगळं आहे? हिब्रू शब्द, अर्थ ‘खरोखर, तसंच होवो’.

चिकोडी
कन्नड बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. माझी आई कन्नड, वडील मराठी, दोन्हीकडच्या उपासना पाहिल्यात. कन्नडमध्येही ‘प्रार्थने’च आहे, ती सोडा. ‘केळु’ बघा. केळु म्हणजे ऐकणं आणि केळु म्हणजे विचारणं, मागणंसुद्धा! ‘नानु केळिदे’, मी मागितलं. ‘देवरु केळिदनु’, देवानं ऐकलं. क्रियापद एकच. लहानपणी मराठी चुलतभावंडांना वाटायचं आमच्याकडं सारखी केळीच वाटतात.

मराठीत ‘ऐकणं’ दुसरीकडं वळलंय. ‘पोरगं ऐकत नाही’ म्हणजे त्याला ऐकू येत नाही असं नव्हे. तसंच ‘देवानं ऐकलं’ म्हणजे काम झालं. काम झालं नाही की आपण लगेच ‘देवानं ऐकलं नाही’ म्हणतो, म्हणजे त्याचा कानच बंद करून टाकतो. आजीच्या बोलण्यात हे नाही. ताप उतरो न उतरो, उद्या पहाटे ती परत डब्यापाशी.

बेळगाव, कॅम्प
चिकोडीकर, अगदी! ताप आठ दिवस राहिला होता. तिचं बोलणं एक दिवस चुकलं नाही, पण आवाज चढला होता. "बापा, तुला पोरं नाहीत काय?" असं एकदा म्हणाली आणि स्वतःच जीभ चावली.

अजून एक. वडिलांना आम्ही ‘तुम्ही’ म्हणायचो, देवाला ‘तू’. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो.’ घरच्या बापाला अहो-जाहो आणि स्वर्गातल्याला अरे-तुरे, हे लहानपणी मला फार विचित्र वाटायचं.

निपाणी
त्यात विचित्र काही नाही. मराठीत आईला आणि देवाला ‘तू’च, वारकरीही विठोबाला ‘तू’च म्हणतो. ‘आपण’ घातलं की ते निवेदन होतं. खानापूरकरांचा मुद्दा मान्य, अब्राहाम मला सुचला नव्हता. मग फलकावर काय लिहिताय?

बेळगाव, कॅम्प
‘देवाशी रोजचं बोलणं’. पाळकसाहेबांना दाखवलं. त्यांना चाललं, फक्त ते म्हणाले ‘बोलणे’ करा, लेखी आहे.

खानापूर
टिंब ठेवा. आजी ‘बोलणे’ म्हणायची काय?