मधमाश्यांसाठी रानफुलं लावली, उगवलं भलतंच. काय करू?

गच्चीवाली_कोथरूड
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. मे महिन्यात ऑनलाइन एक 'वाइल्डफ्लॉवर मिक्स'चं पाकीट मागवलं, वर फोटो बघाल तर लाल निळी पिवळी फुलं आणि त्यावर गुबगुबीत केसाळ माशी, मी हरखूनच गेले. गच्चीवर भाजीचे सहा क्रेट होते त्यात जूनमध्ये बी टाकलं. पाऊस सुरू झाला, दहाबारा रोपं आली, दोऱ्यासारखी लांबट, आणि जुलैच्या झडीत सगळी कुजून आडवी. उरले फक्त दोन कॉसमॉस आणि बाकी नुसतं गवत. सासूबाई रोज म्हणतात कुंड्यांत रान माजवलंयस, उपटून कोथिंबीर टाक. त्यात दुधीला चिकार फुलं येतायत पण बोटाएवढा दुधी झाला की पिवळा पडून गळतो, मला वाटतं माश्याच येत नाहीत म्हणून. आणि सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात की माश्या आल्या तर पोळं होईल, पोरांना चावतील.
तर १) आपल्याकडची कुठली रानफुलं लावू आणि बी कुठून आणू, पुढच्या महिन्यात कासला जाणार आहोत, तिथून चार रोपं आणली तर जगतील का २) दुधीचं काय ३) सेक्रेटरींना काय सांगू?

माळीबुवा
ताई, ते गवत उपटू नका! आधी फोटो टाका.

गच्चीवाली_कोथरूड
टाकलाय बघा.

माळीबुवा
अहो हे गवत नाहीच. डावीकडे निळं इवलंसं फूल आहे तो केना, सकाळी उमलतो आणि दुपारपर्यंत मिटतो म्हणून तुम्हाला दिसलं नसेल, त्यात मध नसतो पण पराग न्यायला माश्या येतात. मधल्या क्रेटात गुलाबी-पांढरे तुरे येऊ घातलेत तो कुर्डू, कोवळा असता तर भाजी करा म्हटलं असतं. कडेला दांडीवर एकेक फूल आहे ती एकदांडी. ती मूळची अमेरिकेतली, आपली नव्हे, पण बारा महिने फुलते आणि छोटी फुलपाखरं तिच्यावर पडीक असतात, त्यामुळे मी तिच्याशी भांडत नाही. म्हणजे पाकिटातलं मेलं आणि फुकटचं आलं. तुमच्या क्रेटमधल्या मातीत जे बी होतं ते आपल्या पावसाला सरावलेलं होतं, एवढंच.
कॉसमॉस मात्र बी धरायच्या आत काढा, पिवळा असेल तर नक्कीच. पुण्याच्या टेकड्यांवर तो कसा पसरलाय बघा एकदा, लोक फोटो काढायला जातात आणि तिथलं मूळचं गवत बिचारं त्याच्याखाली दबून जातं.
लावायचं तर पहिला तेरडा. गौरीला मंडईत जुड्या येतात, त्यात एखादी फुगलेली शेंग असली तर बाजूला ठेवा. पिकलेल्या शेंगेला बोट लावलं की फटकन फुटते आणि बी चहूकडे, पोरांना जाम आवडतं. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात ते एका फुलाचं, झाड आठवडेच्या आठवडे फुलत राहतं. फुलामागे वाकडी शेपटी असते ना, मध त्यात. बी कागदात गुंडाळून कोरडं ठेवा आणि मेच्या शेवटी मातीवर नुसतं भुरभुरा, खोल पुरू नका.

जर्सीकर
हाहा, ते पाकीट आमच्याकडचं दिसतंय. लाल म्हणजे पॉपी आणि निळं म्हणजे कॉर्नफ्लॉवर असणार. इथे न्यू जर्सीत आम्ही अशी बरीचशी बियाणी नोव्हेंबरात टाकतो, बर्फाखाली पडून राहतात, थंडी खाल्ल्याशिवाय काही जाती उगवतच नाहीत. पुण्याच्या जूनमध्ये त्यांचं लोणचंच होणार. आणि ती गुबगुबीत माशी बंबलबी असेल, ती तुमच्या कोथरूडला कुठून येणार. मी इथे मोनार्क फुलपाखरासाठी मिल्कवीड लावलंय, आईला फोटो पाठवला तर म्हणाली, ही तर रुईची बहीण दिसते. खरंच त्याच कुळातली आहे. तुमच्याकडे रुईवर त्या मोनार्कसारख्याच केशरी फुलपाखराच्या अळ्या असतात. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका फक्त.

वेलवाला_बारामती
दुधीचं मी सांगतो. त्यात मधमाश्यांचा दोष नाही. दुधीचं फूल पांढरं, संध्याकाळी उमलतं, त्याचं गिऱ्हाईक म्हणजे रात्री फिरणारे पतंग. दोडका पण संध्याकाळचाच. घोसाळं, काकडी, कारलं, लाल भोपळा हे सकाळचे, तिथे माश्या लागतात. तुमच्या गच्चीवर रात्रभर ट्यूब चालू असते का? असेल तर पतंग त्या ट्यूबभोवती फिरत बसतात आणि फूल तसंच राहतं, बंद करून बघा. बाजूला गुलबाक्षी लावा, ती पण संध्याकाळी उमलते, पतंग येतील. तोवर स्वतः करा: लांब देठाचं फूल नर, मागे इवला दुधी असेल ती मादी, सातच्या सुमारास नर तोडून पाकळ्या मागे सारून मादीच्या मधोमध हलकेच फिरवायचा. मादी एक नर एक, कंजुषी नको. पावसात पराग भिजला तर मात्र उपयोग नाही, वर छत्री धरून बसलेला माणूस मी आहे, बायको अजून हसते.
वांगी टोमॅटोचं अजून वेगळं. त्यांचा पराग नळीत असतो, माशीने फूल धरून थरथरवलं तरच सुटतो, आणि मधाच्या पोळ्यातल्या माश्यांना ते जमत नाही. ते काम मोठा काळा भुंगा करतो, नाहीतर पोटावर निळे पट्टे असलेली एक माशी असते, गुणगुणण्याचा आवाज एकदम चढला की समजा फूल धरलंय.

मेढ्याची_पोर
ताई कासवरून काहीही आणू नका, हात जोडते. ते पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे, तिथून उपटायला बंदी आहे. आणि आणलं तरी जगणार नाही, तिथे कातळावर बोटभर माती, पावसाळाभर पाणी साचलेलं. सीतेची आसवं दिसते नाजूक पण ती पाण्यातले बारीक किडे खाते, तुमच्या शेणखताच्या क्रेटात काय करेल ती? सोनकी मी पण घराच्या खालच्या रस्त्याकडेचं बी आणून पुण्यात भावाच्या गच्चीवर दोनदा लावली, दोन्हीदा गेली. बघायला या, फोटो काढा, चिखलात पाय भरवा आणि परत जा 🙂

सातेरीवाला
महाबळेश्वरकडे माझ्या मधमाश्यांच्या पेट्या आहेत म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं बोलतो. फुलावर आलेली माशी कामात असते, तिला हाताने दाबली किंवा कपड्यात अडकली तरच डंख मारते. पोळ्याजवळची गोष्ट निराळी. सातेरी म्हणजे आम्ही पेटीत पाळतो ती माशी, तिला अंधारी पोकळी लागते, झाडाची ढोली नाहीतर पेटी. फुलोरी जातीची माशी लहान, फांदीवर तळहाताएवढं एकच पोळं. सेक्रेटरी घाबरतायत ते आग्या माशीला, ती उंच इमारतीला, टाकीखाली लटकते, आणि ती चारायला कितीतरी किलोमीटर जाते, म्हणजे तुमच्या सहा क्रेटांमुळे ती तिथे घर करेल असं नाही. आलंच आग्यामोहोळ तर पेटवू नका, औषध मारू नका, जाणता माणूस बोलवा. पुण्यात गणेशखिंड रोडला खादी आयोगाची मधमाशी संशोधन संस्था आहे, १९६२ पासूनची, सेक्रेटरींना घेऊन तिथे चक्कर मारा.
आता एक गोष्ट जी कुणी बोललं नाही. माशीला खाण्याचा दुष्काळ उन्हाळ्यात नसतो, भर पावसात असतो. जांभूळ, हिरडा वगैरे आधीच उरकतात, मग जून ते ऑगस्ट आम्ही पेट्यांना साखरेचा पाक घालतो. म्हणून या दिवसांत जे फुलतंय ते राखा. तुळस, सब्जा सगळ्यात सोपं. फक्त सासूबाईंना सांगा सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, दोन फांद्या सोडा.

माळीबुवा
सातेरीवाले, पाकाचं माहीत नव्हतं, पटलं. ताई अजून एक, एका क्रेटाचा कोपरा उघडा ठेवा, नारळाच्या शेंड्या पसरू नका. बहुतेक जातींच्या माश्या पोळं करतच नाहीत, एकेकट्या मातीत बीळ करतात. आणि पुढे हौस म्हणून परदेशी माश्यांची पेटी गच्चीवर आणू नका, असलेल्यांनाच पुरत नाही.

टिंगलखोर
थोडक्यात काय तर ताईंनी काहीच करायचं नाही आणि त्यालाच बागकाम म्हणायचं. हे मला जमेल 😄

गच्चीवाली_कोथरूड
अपडेट देते, ऑक्टोबर उजाडला. ट्यूब बंद केली आणि सात वाजता मी वेलापाशी हजर, पहिल्या आठवड्यात पाचातले तीन दुधी धरले, एक काल आमटीत गेला. कुर्डूला सकाळी माश्या असतात, भुंगाही येतो पण वांग्याला अजून एकच वांगं आहे. कासला गेलो, काही आणलं नाही, शपथ. तेरड्याच्या शेंगांना मलमलच्या पिशव्या बांधल्यात. सासूबाईंनी मंजिऱ्या सोडल्या, पण आता नवीन भानगड: गुलाबाच्या पानांना कुणीतरी कंपासने आखल्यासारखे गोल तुकडे कापलेत, त्या फवारणीचा पंप घेऊन उभ्या आहेत.

वेलवाला_बारामती
पंप काढून घ्या त्यांच्या हातातून!! पान कापणारी माशी आहे ती, तुकडे नेऊन पोकळ नळीत घर करते, गुलाबाला काही होत नाही. बांबूचा एक वीतभर तुकडा, एका बाजूला गाठ असलेला, आडवा बांधा जवळपास आणि सासूबाईंना खुर्ची टाकून द्या समोर.