शापापेक्षा मेणाचे भांडे बरे

उत्खननाचे खरे तपशील घातले की कुमारांसाठीची साहसकादंबरी रटाळ होते, वाचकाला शाप आणि चोरवाटाच हव्या असतात, हा मुद्दा मला पटत नाही. थडगे उघडणारा लवकर मरतो या शापाचेच म्हणाल, तर 1922 मध्ये प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामुन याचे थडगे शोधणारा हॉवर्ड कार्टर 1939 पर्यंत जगला. उलट त्याच थडग्यातली रंगवलेली लाकडी पेटी घ्या. तिच्यात राजाच्या वस्त्रांबरोबर मणीकाम केलेल्या सपाता होत्या. मणी जागच्या जागी दिसत होते, पण ते ओवलेला दोरा इतका कुजलेला होता की हात लावताच सारी नक्षी विखुरली असती. म्हणून वितळलेले मेण वर ओतून, ते घट्ट झाल्यावरच सपाता उचलल्या गेल्या, आणि ही एक पेटी रिकामी करायला तीन आठवडे लागले. (संपूर्ण थडग्याला जवळपास दहा वर्षे लागली, ते वेगळेच.) पंधरा वर्षांच्या नायिकेच्या हाती ते गरम मेणाचे भांडे देणारा लेखक मला अधिक धाडसी वाटेल, आपल्याकडचे नायक मात्र सापडलेली मूर्ती सरळ दप्तरात टाकून पळत सुटतात, आणि ती मातीच्या नेमक्या कोणत्या थरातून निघाली हे त्यांना कुणी विचारतही नाही.