सल्ला हवा: मंडईत दाखवायला लपून बसलेल्या चोराचा सिनेमा

धानबांधी:
नमस्कार मंडळी. आमचं गाव भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात. भाऊबीज झाली की मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते आणि रात्री नाटक ठरलेलंच असते. यंदा आणखी एका रात्री शाळेच्या पटांगणात पडदा लावून सिनेमा दाखवायचं पोट्ट्यांनी मनावर घेतलं आहे. त्यांना लपून राहणाऱ्या चोराचा सिनेमा पाहिजे. हसू यावं, चोर आवडावा, तो सापडू नये असं वाटावं. माझी अट एकच. आमच्याकडे शेतातल्या मोटारपंपाची केबल कापून नेतात. ऐन पाण्याच्या वेळी ज्याची केबल गेली, तो माणूसही त्या रात्री समोर बसलेला राहील. त्याचं नुकसान हसण्यावारी नेणारा सिनेमा नको. सुचवा जी.

वैनगंगाकाठ:
तुमच्या अटीत नेमका बसणारा सिनेमा म्हणजे ‘रूफमॅन’ (२०२५). दिग्दर्शक डेरेक सियानफ्रान्स, चोराच्या भूमिकेत चॅनिंग टेटम. गोष्ट खऱ्या माणसाची आहे. जेफ्री मँचेस्टर छताला भोक पाडून मॅकडोनाल्ड्समध्ये उतरायचा, कामगारांना शीतगृहात कोंडायचा आणि बोलायचा मात्र अदबीनं. पकडला गेला, लांबलचक शिक्षा झाली. २००४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या तुरुंगातून मालट्रकच्या खाली लपून पळाला आणि शार्लट शहरातल्या खेळण्यांच्या एका मोठ्या दुकानात राहायला लागला. दिवसा भिंतीआडच्या खोपटात, रात्री सगळं दुकान त्याचं. तान्ह्या बाळांवर लक्ष ठेवायची यंत्रं लावून तो दुकानातल्या माणसांवर नजर ठेवतो. हा भाग पाहताना तुमचे पोट्टे पोट धरून हसतील.

मग तो खोटं नाव घेऊन चर्चमध्ये जायला लागतो. तिथं दोन मुली एकटीनं वाढवणारी बाई त्याला भेटते. बाई त्याच दुकानात कामाला आहे. तिचं काम क्रिस्टन डन्स्टनं केलं आहे, आणि माझ्या मते सिनेमा तिचाच आहे. तो मुलींना खेळणी आणून देतो, ती चोरीची. मुली जीव लावतात, तो जीव खोट्या नावावर. माणूस आवडत जातो तसतसा आपल्याला त्याचा राग येत जातो. चोरानं कोणाचं काय नेलं हे तिच्या चेहऱ्यावर दिसते, त्यासाठी कोणाला भाषण द्यावं लागत नाही. २००५ च्या जानेवारीत तो पकडला गेला, आजही तुरुंगातच आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. सिनेमा प्रौढांसाठीचा आहे. शिव्या आहेत, आणि अंघोळ करताना सापडलेला नायक उघडाच पळतो असा प्रसंग आहे. लेकरं, म्हातारी माणसं एकत्र बसणार असतील तर हा दाखवू नका, पोट्ट्यांनी वेगळा पाहावा.

साकोलीची_ताई:
मंडईत लेकरं असणारच भाऊ, म्हणून माझं मत ‘तोंडिमुतलुम दृक्साक्षियुम’ला (२०१७). मल्याळम आहे, दिग्दर्शक दिलीश पोथन. बसमध्ये नव्या नवरीच्या गळ्यातली सोन्याची साखळी जाते. चोर ती गिळून टाकतो आणि ‘मी नाहीच’ म्हणून बसतो. पुढचा बराचसा सिनेमा पोलीस ठाण्यात. साखळी बाहेर यावी म्हणून पोलीस त्याला केळी चारत राहतात! हा चोर खोलीत लपत नाही, नावाआड लपतो. तक्रार करणाऱ्या नवऱ्याचंच नाव स्वतःचं म्हणून सांगतो. फहाद फाझिलला ह्या कामासाठी सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण मी सुचवते ती त्या जोडप्यासाठी. ठाण्यात ताटकळणं, साहेबाची वाट पाहणं, तक्रार कशी लिहावी ह्यावर होणारी घासाघीस. केबल गेलेला माणूस हे सगळं करून आलेला असते. तो हा सिनेमा आपला म्हणून पाहील.

धानबांधी:
ताई, हेच पाहिजे होतं. पण मल्याळम कोणाला समजंल? खाली अक्षरं आली तरी म्हाताऱ्यांना तेवढ्या वेगानं वाचता येत नाही.

वडसा_रंगभूमी:
ह्याचा इलाज आपल्या झाडीपट्टीतच, म्हणजे पूर्व विदर्भातच आहे. नाटकाला प्रॉम्प्टर, म्हणजे आडून संवाद सांगणारा, असतोच ना. त्याला आधी दोन-तीन वेळा सिनेमा दाखवा, संवाद आपल्या झाडीबोलीत लिहून काढा आणि खेळाच्या वेळी माईकवरून बोलायला लावा. बाईचे संवाद बोलायला एक बाईच घ्या. ठाण्यातल्या शांत जागा मात्र शांतच राहू द्या, तिथं बोलून भरू नका. फहादचं अर्धं काम डोळ्यांत आहे. रात्रभर नाटक पाहणाऱ्या आपल्या माणसांना आवाज एकीकडून आणि चेहरा दुसरीकडून आला तरी काही अडत नाही. जाहीर खेळ आहे, तेव्हा हक्कधारकांची परवानगी आधीच मागा, त्याला वेळ लागते.

वैनगंगाकाठ:
हाव, ताईंचं बरोबर आहे, मंडईसाठी तोच घ्या. परवानगी जमली नाही तर ‘द ओल्ड मॅन अँड द गन’ (२०१८) लक्षात ठेवा. रॉबर्ट रेडफोर्ड हसतमुख म्हातारा दरोडेखोर आहे, सिनेमा दीड तासाच्या आसपास संपतो आणि घरच्यांसोबत बसून पाहता येतो. पण त्यात लुटल्या गेलेल्यांकडे कॅमेरा कमी वळतो. तुमच्या अटीला तो थोडा कमी पडेल.

धानबांधी:
ठरलं, मल्याळमच. परवानगीचं पत्र ह्या आठवड्यात पाठवतो. बाईच्या आवाजासाठी गावातल्या अंगणवाडी ताईंना विचारतो, त्या नाटकात काम करतात. झाडीबोलीत संवाद लिहायला कोणी मदत करणार असंल तर इथंच सांगा जी.

साकोलीची_ताई:
मी करते. पहिला बसचा प्रसंग लिहून टाकते, तुम्ही वाचून पाहा.