असेसरच्या सर्टिफिकेटवरून झालेला निकाल कोर्टाने रद्द करावा का?

वेस्टमीडकर:
सिडनीतल्या मित्राची गोष्ट. वकिलाशी बिलावरून वाजलं, वकील कॉस्ट्स असेसमेंटला (म्हणजे फी रास्त आहे का ते असेसरकडून ठरवून घ्यायला) गेला, कागद सगळे मित्राच्या जुन्या युनिटवर (फ्लॅटवर) आणि हा तोवर वेस्टमीडला राहायला आलेला. असेसरने कागद बघून फी ठरवली, सर्टिफिकेट निघालं, वकिलाने ते लोकल कोर्टात फाइल केलं आणि झाला निकाल! न्यू साउथ वेल्सच्या (सिडनी ज्या राज्यात आहे त्या) 2014 च्या वकिलीविषयक कायद्यात तशी सोयच आहे, ना जज ना सुनावणी. याला कळलं कधी, तर 21 दिवसांची बँकरप्सी नोटीस (मुदतीत पैसे भरा, नाहीतर दिवाळखोरीची कारवाई) हातात पडल्यावर. माझं म्हणणं, ज्या कोर्टाच्या नावाने निकाल आहे त्यानेच तो रद्द करावा, फार आढेवेढे न घेता.

फाइलबंद:
असं कसं? कोर्टाने काही ठरवलंच नाही, रजिस्ट्रीने नुसतं दाखल करून घेतलं. फी जास्त वाटते तर 30 दिवसांत असेसरचा निर्णय परत तपासणाऱ्या रिव्ह्यू पॅनेलकडे जायचं, मग अपील आहेच. नाहीतर बिल बुडवणारा प्रत्येकजण "मला पत्रच मिळालं नाही" म्हणत उभा राहील. मित्राने नवा पत्ता कळवला होता का, आधी ते सांग.

वेस्टमीडकर:
कळवला होता, ईमेलने. वकिलाचं "नोटेड, थँक्स" असं उत्तर आहे. तरी पाकिटावर जुनाच युनिट नंबर. आणि जे सर्टिफिकेट बघितलंच नाही त्याचा रिव्ह्यू 30 दिवसांत मागायचा कसा रे?

मधली आळी:
हा ईमेल जपून ठेवा. तिथल्या दिवाणी कामकाजाच्या नियमांतला नियम 36.15 बघा, निकाल अनियमितपणे, बेकायदा किंवा गुड फेथ सोडून मिळवला असेल तर कोर्ट रद्द करू शकतं. पण तासाचा रेट जास्त लावला वगैरे तिथे काढू नका, ते ऐकणार नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं.

फाइलबंद:
36.15 मान्य. पण निकाल गेला तरी सर्टिफिकेट जागच्या जागी, वकील उद्या परत फाइल करेल. मूळ दुखणं पॅनेलकडेच नेलं पाहिजे.

वेस्टमीडकर:
नेऊ की, पण तोवर माणूस दिवाळखोर व्हायचा! निकालच नसेल तर नोटीस कशाच्या जोरावर? शिवाय 2017 च्या रॅमसे हेल्थ केअर केसमध्ये हायकोर्टाने (ऑस्ट्रेलियात तेच सर्वोच्च कोर्ट) म्हटलंय की बँकरप्सी कोर्टाला निकालामागे खरंच देणं आहे का हे तपासता येतं.

मधली आळी:
ते पुढच्या टप्प्यावर, दिवाळखोरीच्या अर्जाच्या वेळी. 21 पैकी दिवस किती उरलेत?

वेस्टमीडकर:
नऊ.

मधली आळी:
मग इथे काय टाइप करताय, नोटीस रद्द करायचा अर्ज मुदतीच्या आत पडला पाहिजे.