उत्तर: एका नमुन्यावरून घोडा बाद करू नका

घोड्या गाभण राहत नाहीत आणि मारवाडी घोड्याच्या वीर्याच्या एकाच तपासणीत निम्म्याहून कमी शुक्राणू हलते दिसले, म्हणून या चर्चेत वर कुणी ‘घोडा विकून टाका’ असं सुचवलंय. घाई होतेय.

घोडा बरेच दिवस घोडीवर गेला नसेल तर पहिल्या नमुन्यात जुने, साचलेले शुक्राणू येतात. काही घोड्यांत नलिका तुंबते. तेव्हा संख्या भरपूर, पण हालचाल जवळजवळ नाही आणि डोकी शेपटीपासून सुटलेली, असं चित्र दिसतं. रोज वीर्य काढत राहिलं की बहुतेकदा ते सुधारतं. म्हणूनच तासाच्या अंतराने दोन नमुने घेतात. दुसऱ्यात शुक्राणूंची एकूण संख्या पहिल्याच्या साधारण निम्मी हवी आणि त्यात सरळ पुढे जाणारे, धड आकाराचे किमान १०० कोटी तरी हवेत. नुसती टक्केवारी बघून काय कळणार?

नमुना घेतला कसा, हेही विचारा. बाटली गार होती का, साबणाचा अंश किंवा पाणी लागलं का? पाण्याच्या थेंबानेही शुक्राणूंच्या शेपट्या वळतात, आणि दोष मात्र घोड्याच्या माथी!

मध्यंतरी ताप आला होता का? शुक्राणू तयार व्हायला ५७ दिवस लागतात, वर बाहेर पडेपर्यंत आठवडा-दीड आठवडा. तापानंतर दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा तपासा.

आणि हो, घोड्या माजाच्या नेमक्या कोणत्या दिवशी दाखवल्या होत्या, ते अजून कुणीच विचारलेलं नाही.